केसभर वाकलेली प्लेट

मी एक जुनी प्लेट आहे. मित्रांनो, लगेच हात धुऊन जेवायला बसू नका, मी ती प्लेट नव्हे. मी खालच्या दातांवर बसवायची प्लेट. घोड्याच्या नालेच्या आकाराची, पाण्यासारखी पारदर्शक आणि तळहातावर ठेवली तर सहज हरवेल एवढीशी. सध्या माझा मुक्काम शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या शेजारी असतो. बटणांना वाटतं, मी त्यांच्यातलीच कुणीतरी थोराड बहीण आहे. वाटू दे बिचाऱ्यांना.

माझी मालकीण शिवणकाम करते. कामाला बसली की तिच्या दातांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असायच्याच, म्हणून गल्लीत सगळे तिला टाचणीताई म्हणतात. मी नुसतं ताई म्हणते, तेही अगं-तुगं करून. जिच्या तोंडात इतके महिने राहिले, तिला अहो-जाहो कुठवर करायचं?

ताईच्या घरात तिचा नवरा आणि सासरे. सासऱ्यांना सगळे बाबा म्हणतात. बाबांची नजर म्हातारपणी पार गेली. त्यांचा एकच लाड होता. रोज संध्याकाळी पाच वाजता ताई मशीन झाकून ठेवायची आणि त्यांना पुस्तक वाचून दाखवायची. समुद्रातलं दीपगृह सांभाळणाऱ्या तीन बहिणींची एक जाडजूड कादंबरी चालली होती. तिघींना ताई तीन निरनिराळे आवाज द्यायची. धाकटीचा आवाज काढताना तर शेजारच्या खिडक्या उघडायच्या.

तीनशे बाराव्या पानावर मधली बहीण वादळात होडी घेऊन निघाली, आणि तिथेच ताईचा जबडा रुसला.

तसा तो आधीपासून कुरकुरत होता. घास चावताना कानाजवळ कट्कट् वाजायचं. कपाळ ठणकायचं. ताईने कानाच्या डॉक्टरांना कान दाखवले, चष्म्याचा नंबर बदलून घेतला, डोक्याला तेल थापलं. दुखणं कानात नव्हतं आणि डोळ्यांतही नव्हतं, मग जाणार कसं? आणि घरात तर चकार शब्द काढायचा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! एका सकाळी तोंड उघडायला गेली, तर दातांमध्ये जेमतेम एक बोट मावलं.

वाचन बंद पडलं. दोन दिवस तिच्या नवऱ्याने वाचून पाहिलं. माणूस भला आहे, पण त्याने वादळ वाचलं ते किराणामालाची यादी वाचावी तसं. पुढच्या रविवारी बाबांनी जाहीर केलं, "संपली हो कादंबरी. याने सुट्टीत सगळी वाचून दाखवली. छान होता शेवट. सूनबाई, आता तू जिवाला त्रास करून घेऊ नकोस."

नवऱ्यानेही मान डोलावली. ताईला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही. आपल्यावाचून त्यांचं अडलं नाही, हे कुणाला ऐकायला आवडतं?

शेवटी एक गिऱ्हाईक म्हणालं म्हणून ताई एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, आणि तिथे माझा जन्म झाला. बाईंनी दात पाहिले, मग गाल, कानशिलं आणि मान दाबून पाहिली. म्हणाल्या, "काकू, तुमची गत दात आहेत तर चणे नाहीत, अशी झालीय. जिथे दात जुळतात, तिथे जबड्याला बसायचं नाही. आणि जिथे जबडा सुखाने बसतो, तिथे दात जुळत नाहीत. या दोघांच्या भांडणात तुमचे स्नायू दिवसरात्र राबून दमलेत."

मग त्यांनी ताईच्या कानांसमोर आणि मानेवर चिकटपट्ट्या लावल्या आणि एका छोट्या यंत्राच्या वायरी त्यांना जोडल्या. दर दीड सेकंदाला अगदी हलका झटका यायचा आणि गाल आपोआप उडायचा. ताईला आधी भीती वाटली, नंतर हसू आलं आणि तासाभराने चक्क डुलकी लागली. स्नायू असे सैल पडले, की जबडा स्वतःची जागा स्वतः सांगतो. त्या जागी बाईंनी दातांच्या मध्ये मऊ लगदा घातला, तो घट्ट झाल्यावर अलगद काढला आणि त्या ठशावरून कारागिराने मला घडवलं. वरच्या आणि खालच्या दातांमधलं भांडण मिटवायला मध्ये जाऊन बसणं, हेच माझं काम. भांडण सोडवायला गेलेल्याला दोन्हीकडून चावे बसतात, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

बाईंनी ताईला बजावलं, "जेवताना, झोपताना, काम करताना, कायम घालायची. दर पंधरा दिवसांनी यायचं. मी निळा कागद चावायला देईन. जिथे जास्त डाग पडेल, तिथे प्लेट थोडी घासू. दातांना काही वाईट सवय नाही ना? नखं खाणं, पेन चावणं?"

"छे, तसलं काही नाही," ताई म्हणाली. ती खोटं बोलली नाही हो! टाचण्या दातांत धरणं आणि दोरा दाताने तोडणं ही तिला सवय वाटतच नव्हती. ते तिचं काम होतं.

पहिला महिना माझ्या आयुष्यातला सोन्याचा महिना. ताईची डोकेदुखी उतरली. बाबा रोज सकाळी हाक मारायचे, "सूनबाई, किती बोटं?"

"दीड, बाबा."

आठवड्याने दोन झाली. तेव्हा ताईने मला नळाखाली धुताना म्हटलं, "गुणाची गं बाई माझी." माझ्या अंगावर असं मूठभर मांस चढलं, की बसायला जागा पुरेना.

पण मग शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं. चाळीस सदरे, चाळीस विजारी. माझ्या गुळगुळीत पाठीवरून टाचण्या घसरायच्या आणि दोरा तुटायचा नाही. ताईने दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी तिने मला काढलं आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. "थोडाच वेळ हं," असं मला म्हणाली. तो थोडा वेळ संध्याकाळपर्यंत चालला. मग रोजच.

मी तिथे पडून पाहायची. ताईच्या दातांत टाचण्या, जबडा घट्ट आवळलेला. मला ओरडावंसं वाटायचं, पण मला दात असते तर मी प्लेट कशाला झाले असते? एका दुपारी ताईने घाईघाईत गरम इस्त्री माझ्याशेजारी टेकवली. एका टोकाला धग लागली आणि मी वाकले. फार नाही, केसभर. डोळ्यांना दिसणारही नाही एवढं.

दातांना मात्र केसभरही कळतं. संध्याकाळी ताईने मला घातलं, तेव्हा मी एका बाजूने टोचले. तिला वाटलं, दिवसभर काढून ठेवल्याची ही शिक्षा आहे, होईल सवय. बाईंना सांगायची लाज वाटली. तीन दिवस तिने मला तशीच घातली, आणि मी तीन दिवस तिचा जबडा चुकीच्या जागी रेटत राहिले. जिचं दुखणं काढायला जन्मले, तिलाच दुखवत होते. मित्रांनो, त्या तीन दिवसांइतकं वाईट मला कधीच वाटलं नाही.

चौथ्या सकाळी बाबांनी विचारलं, "किती बोटं?"

उत्तर आलं नाही. ताईची दातखीळ बसली होती. बाबांनी चाचपडत काठी शोधली आणि मुलाला हुकूम सोडला, "रिक्षा बोलाव. मी पण येतो."

डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात धरलं, ताईच्या दातांच्या साच्यावर ठेवलं. मी डगडगले. त्यांनी विचारलं, "काकू, ही कशाने वाकली?" ताईने खांदे उडवले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हा कोपऱ्यातून बाबा म्हणाले, "वाकली कशाने ते ठाऊक नाही, पण एक सांगतो. ही दिवसभर प्लेट घालतच नाही. दातांत टाचण्या धरते."

"आजोबा, तुम्हाला कसं कळलं?" बाईंनी जपूनच विचारलं.

"दिसत नाही, पण ऐकू येतं ना! टाचण्या असल्या की हिचं बोलणं दातांतून फिसफिस येतं. प्लेट असली की जरा बोबडं येतं. गेले पंधरा दिवस फिसफिसच चाललंय. आणि दोरा तोडल्याचा टक् आवाज, तो तर मी वर्षानुवर्षं मोजतोय."

बाई खुर्चीतच मागे टेकल्या. ताईचे पुढचे दात त्यांनी पुन्हा निरखले. दोन दातांच्या कडेला बारीकशी खाच होती, दोरा अडकेल एवढी. "चूक माझीच," त्या म्हणाल्या. "मी सवयी विचारल्या, काम विचारलंच नाही."

त्या दिवशी पुन्हा वायरी लागल्या, पुन्हा स्नायू सैल पडले. बाईंनी माझ्यावर नवा थर चढवला, घासला, निळ्या कागदाने दहा वेळा तपासला. मी पुन्हा सरळ झाले. घरी आल्यावर बाबांनी मखमलीचा तुकडा मागून घेतला, त्यात लोकरीची कात्रणं कोंबली आणि बोटांनी चाचपत टाके घालून मनगटावर बांधायची गादी शिवली. टाके असे वाकडेतिकडे, की शिंपिणीच्या घरात ती गादी लाज काढेल. ताई आजही तीच बांधते. टाचण्या मनगटावर आल्या आणि दोऱ्यासाठी गळ्यात छोटी कात्री आली.

सुधारणा एका दिवसात झाली नाही. कित्येक महिने गेले. दोन बोटं, अडीच, पुन्हा दोन, मग पुन्हा अडीच. जबडा त्या जागी नीट रुळल्याची खात्री झाल्यावर बाईंनी दाढांवर टोप्या बसवून त्यांची उंची कायमची जुळवली. माझं काम दातांनीच उचललं आणि मी खणात आले. थोडं रडू आलं, पण पाहुण्याने जायची वेळ ओळखावी, हे बरं.

एका संध्याकाळी पाचच्या ठोक्याला ताईने मशीन झाकलं. "बाबा, तीन बोटं! आता नवीन पुस्तक काढू?"

"नवीन कशाला? पान तीनशे बारा काढ."

"पण तुम्ही तर शेवट ऐकलाय ना?"

"कसला ऐकलाय!" बाबा म्हणाले. "थाप मारली. मला ऐकायचंय असं कळलं असतं, तर तू दुखणं सोसून वाचलं असतंस. दुसऱ्याच्या आवाजात मला त्या बहिणी ओळखूच येत नाहीत गं. वर्ष झालं, मधली वादळातच आहे."

ताई ढसाढसा रडली. मग तिने डोळे पुसले, पान उघडलं आणि मधलीला किनाऱ्याकडे वळवलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दातांना कात्री समजू नका. माझ्यासारखी कुणी तुमच्याकडे आलीच, तर तिला डबीत ठेवा, धगीपासून लांब ठेवा. आणि दुखत असेल तर वेळेवर बोला. त्या घरात एकीने दुखणं लपवलं आणि एकाने ओढ लपवली, म्हणून वर्ष वाया गेलं. मी केसभर वाकले ते इस्त्रीने. गप्प राहून माणसं किती वाकतात, ते मला मोजता येत नाही.

काल कादंबरी संपली. तिन्ही बहिणी दीपगृहावर परत आल्या. शेवटचं वाक्य वाचून ताईने पुस्तक मिटलं. बाबांनी मिटलेल्या पुस्तकाची जाडी बोटांनी चाचपली. मग त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "किती बोटं?"

"तीन, बाबा."

"मग दुसरं काढ. चांगलं जाडजूड बघून काढ."