गाडीला गप्प करणारी क्लिप

मी बोलतेय खरी, पण माझा जन्म दुसऱ्याला गप्प करण्यासाठी झाला. मी सीटबेल्टची क्लिप, तीही बिनपट्ट्याची. नुसतं टोक! खाचेत खोचलं की गाडीला वाटतं, पट्टा लावलाय, आणि तिची टुंई टुंई थांबते.

मला विकत घेतलं पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं. त्याच्या अवजारांची जड पिशवी शेजारच्या सीटवर असायची नि गाडी तिला माणूस समजून बोंबलायची. "कान किटले हो," तो दुकानदाराला म्हणाला. मी त्या खाचेत बसले ती बसलेच. काय तोरा होता माझा!

एकदा पिशवी मागे गेली आणि तिच्या जागी पुढे त्याची आई बसली. डोळे तपासायला निघाली होती. म्हणाली, "तुझ्या ताईच्या गाडीत पट्टा नाही लावला की गाडी ओरडते. तुझी गप्प आहे. म्हणजे नको ना लावायला?"

"नको गं, इथल्या इथे तर जायचंय."

वाटेत गिऱ्हाइकाचा फोन आला. कोण आहे ते बघायला त्यानं मान खाली घातली, एवढंच. वर पाहिलं तर पुढचा टेम्पो थांबलेला! करकचून ब्रेक दाबला, तरी गाडी आदळलीच. त्याला त्याच्या पट्ट्यानं धरलं. आई पुढे आपटली, कपाळ फुटलं, मनगट मोडलं. आणि मी जागच्या जागी, ठणठणीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

गाडी दुरुस्त झाली. आईला प्लास्टर दाखवायला न्यायचं होतं. मागे बसलेली ताई तिच्यावरच करवादली, "पट्टा लावायला काय झालं होतं गं तुला?"

"चुकलंच माझं," आई खालमानेनं म्हणाली.

त्यानं गाडी चालू केली आणि मला खसकन उपसलं. टुंई टुंई सुरू झाली.

"आई, तू नाही चुकलीस. गाडी ओरडलीच असती गं. मीच तिचं तोंड बांधलं होतं." प्लास्टरला धक्का न लावता त्यानं आईचा पट्टा लावला. आवाज थांबला.

आईनं मला चांगल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "एवढीशीच आहे की रे," ती म्हणाली. आणि मला मुठीत मिटून घेतलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, त्यालाही आणि मलाही.

अजून तिच्या मुठीतच आहे मी. दुकानात माझ्या बहिणी टांगलेल्या दिसतील तुम्हाला. हात जोडते, त्यांना घरी नेऊ नका. गाडीला ओरडू द्या.