शहात्तरवर थांबलेली स्क्रीन

आमच्या मास्तरांइतका कीस काढणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आम्ही लिहिलेला कोड त्यांनी वाचून हो म्हटल्याशिवाय पुढे जात नाही, आणि वाचतात कसे, तर नापास करायला बसल्यासारखे. म्हणून मास्तर. त्या आठवड्यात तर मला त्यांचं तोंडही बघवत नव्हतं.

आमचं काम हॉस्पिटलच्या मॉनिटरचं. खाटेजवळचं मशीन नाडी मोजतं आणि नेटवर्कवरून सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनला आकडा पाठवतं. पाठवण्याचं काम करणारा प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या पार पोटात बसतो, आणि तो लिहायचं काम माझ्याकडे. त्यात खोट सापडली. आत दोन कामं एकाच वेळी चालतात. एक माहिती वाचतं, दुसरं वापरून झालेली जागा मोकळी करतं. कधीतरी दुसऱ्याला घाई होते. एकाचं जेवण चाललंय आणि दुसऱ्याने ताट उचललं, असला प्रकार. याला आम्ही रेस कंडिशन म्हणतो. तेवढ्यात बाहेरच्या एखाद्या लबाडाने आपलं ताट पुढे सरकवलं, तर पहिला मुकाट्याने तेच खातो आणि मशीन लबाडाच्या ताब्यात जातं. लबाड नसला तरी मशीन गोठतं, आणि स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहतो. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

अशाच एका मशीनला माझी आई जोडलेली होती. हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

मग मला कुठला धीर? नेमकं कुठे बिघडतंय ते बघायला मी कोडात एक ओळ घातली, ‘इथवर आलो’ एवढंच छापणारी. आणि काय गंमत, मशीन गोठायचंच थांबलं. ओळ काढली की गोठायचं, घातली की चालायचं. म्हटलं, राहू दे ओळ, सुटलो एकदाचे. आजच पाठवू.

मास्तरांनी अडवलं. “अगं, ती ओळ छापायला वेळ लागतो, म्हणून दोघांची गाठ पडत नाही. खोट आहे तिथेच आहे. कुलूप घाल. पहिल्याचं झाल्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही.”

“त्याला आठवडा जाईल, मास्तर. माझी आई आहे तिथे.”

“म्हणूनच सांगतोय. आणि तोवर वॉर्डात कळव. स्क्रीनवर विसंबू नका, हाताने नाडी बघा म्हणावं.”

“म्हणजे आमचं मशीन खोटं बोलतं, हे आपणच सांगायचं?”

“मग कोण सांगणार? फोन तू करतेस की मी करू?”

मी केला. रागानेच केला. सिस्टर म्हणाली, “आधीच इथे श्वास घ्यायला फुरसत नाही.” पण बघते म्हणाली.

मी कुलपाच्या मागे लागले. दोन दिवसांनी सिस्टरचाच फोन आला. “तुमच्या आईंच्या स्क्रीनवर शहात्तर होते, अगदी छान. तुम्ही सांगितलंत म्हणून मनगट धरलं, तर नाडी लागेना. डॉक्टरांना अक्षरशः ओढत आणलं. आता बऱ्या आहेत. या तुम्ही.”

मी तशीच धावत सुटले. पोचले तेव्हा आई शुद्धीवर होती आणि केस विंचरलेस का म्हणून मलाच विचारत होती. सिस्टरला मी मिठीच मारली. तिचं ऋण मी सात जन्मांत फेडू शकणार नाही.

कुलूप झालं, मास्तरांनी हो म्हटलं, सगळ्या वॉर्डांत नवा ड्रायव्हर गेला. मग मास्तरांनी माझी ती ओळवाली आवृत्ती वॉर्डातल्यासारख्याच मशीनवर लावली. ते मशीन आमच्या ऑफिसातल्यापेक्षा जुनं, संथ. तिथे ओळ असूनही दोघांची गाठ पडली, आणि आमचा चहा संपायच्या आत ते गोठलं.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. त्या दिवशी हे पाठवलं असतं, तर काम झालं म्हणून मी फोन केलाच नसता. सिस्टरने शहात्तर बघितले असते आणि ती पुढच्या खाटेकडे गेली असती.

“मास्तर,” मी म्हणाले, “तुम्ही अडवलं नसतं तर आज मला आई नसती.”

मास्तर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “जा, आज लवकर घरी जा. आईजवळ बस.”