व्यंकटीमामाच्या ढोलकीचा भाव

जुन्या ढोलकीला नवीन दोन ढोलक्यांचा भाव लावणारा माणूस एक तर येडा असतो, नाही तर लुटारू. नायगावकडं व्यंकटीमामाला लोक दोन्ही म्हणायचे, आणि मामाला त्याचं काडीचंही वाईट वाटायचं नाही.

बायको सरजाबाई होती तोवर ती गायची, हा वाजवायचा. ती गेली आणि ढोलकी खुंटीला लागली. पुण्याच्या पोरानं, आदर्शनं, सुट्टीत येऊन फोनवर विकायची जाहिरात टाकली. भाव मामानंच सांगितला.

"बाबा, एवढ्याला कोण घेईल?"

"तू टाक रे गुमान."

आणि काय सांगावं, माणसं यायला लागली! घासाघीस करायची तर घरी यावंच लागतं. आलं की पाणी, मग चहा, मग ढोलकी मांडीवर, मग भांडण. देगलूरचा गुंडप्पा तर दुपारभर बसला, दोनदा पोहे खाल्ले आणि वरून म्हणाला, "चोर हायस का रं म्हाताऱ्या?" मामा त्याला स्टँडवर सोडायला गेला. येताना वाटेनं एकटाच हसत होता. सरजाबाई गेल्यापासून त्याच्याशी कुणी एवढं बोललंच नव्हतं.

मग एक दिवस बिलोलीची महामाया आली. "जय भीम, मामा." बसली, ढोलकीवर दोन थापा मारल्या आणि पिशवीतून नोटांचा पुडका काढून समोर ठेवला. घासाघीस नाही, काही नाही.

मामानं घाईघाईनं ढोलकी तिच्यापुढं वळवली. "अगं माय, नीट बघ तरी! चामड्यावरच्या शाईला चीर गेलीय. आवाज बसलाय."

"सोताच्या मालाची खोड सोताच सांगून राहिलात," महामाया हसली. "मग भाव बी खराच असंल. आमची बायांची गायन पार्टी हाय. पौर्णिमेला कार्यक्रम हाय. कापूस येचणीच्या मजुरीतून समद्यांनी थोडं थोडं टाकलंय."

आता बोला! भांडणारी बाई असती तर मामानं संध्याकाळ काढली असती. हिनं विश्वास टाकला, तिथंच त्याचे हात बांधले गेले. बायांच्या घामाचे पैसे लुबाडले तर सरजाबाईच्या फोटोकडं कोणत्या तोंडानं बघायचं? त्यानं पुडका उचलला, वाजवी तेवढ्या नोटा ठेवल्या आणि बाकीच्या तिच्या पिशवीत कोंबल्या.

महामाया बघतच राहिली. "मग एवढा भाव कशाला लावला हुता?"

"वाजवी लावला असता तर पहिल्याच दिशी गेली असती. मग या घरात कोण आलं असतं, माय?"

महामायानं पिशवी खांद्याला लावली. "कार्यक्रमाला या, मामा," एवढं म्हणाली आणि ढोलकी पोटाशी धरून गाडी गाठायला पळाली. चहा तसाच राहिला.

सकाळी मामा रिकाम्या खुंटीसमोर बसला होता. घर नुसतं खायला उठलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. कुणी रामलिंग म्हणून देवणीहून बोलत होता.

"ती ढोलकी हाय का अजून? का गेली?"

मामानं खुंटीकडं बघितलं. काल महामायापुढं खरं बोललेली जीभ आज खरं सांगायला काही वळेना.

"हाय की," तो म्हणाला. "या. जेवायलाच या."

फोन ठेवून त्यानं दोघांपुरतं पीठ मळायला घेतलं.