चाळिसावा फॉर्म

प्रेम मोजायचं काम तिने हौसेने घेतलं नव्हतं. मिळालं म्हणून घेतलं. कुठलंसं विद्यापीठ सव्वीस देशांत एकच प्रश्नावली भरून घेत होतं. एक माणूस मनात धरायचा आणि तीस वाक्यांना एक ते नऊ गुण द्यायचे. कुठले लोक किती जीव लावतात, हे म्हणे त्यावरून कळणार होतं. एकोणचाळीस घरांचे जिने चढून तिचे गुडघे बोलायला लागले होते. एका न्हाव्याने सगळ्याला पाच दिले, उगाच वाद नको म्हणून. एका नवऱ्याने बायको समोर होती तोवर नऊ दिले, आणि ती आत जाताच दोन ठिकाणी खोडायला लावलं.

चाळिसावं कुणी मिळेना, तेव्हा ती नणंदेकडे गेली. वन्सं बिनलग्नाच्या, तयार कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर. एका खोलीत एकट्या राहायच्या. दोन महिन्यांनी निवृत्त झाल्या की त्यांना आपल्याकडे आणायचं, हे भावाने परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

"तुमच्या कामाचं नाही हे, वन्सं. सगळीकडे एक लिहिते, म्हणजे दोघी मोकळ्या."

"वाच तर खरं."

"ती व्यक्ती दिसली नाही तर दिवस जड जातो."

"नऊ."

तिचं पेन थांबलं.

"पुढचं वाच, वहिनी. मला पाणी भरायचंय."

नऊ, नऊ, आठ. 'त्या व्यक्तीच्या घरच्यांचा हेवा वाटतो,' याला मात्र चार. "आता पूर्वीइतका नाही वाटत," वन्सं म्हणाल्या.

"ओळख किती वर्षांची?"

"एकोणतीस. या खोलीत राहायला आले तेव्हापासूनची. हे बाहेर जात नाही ना?"

"नाही. तशी सही केलीय मी."

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "ताईची खोली सोडायचं मालकाला सांगून टाकू. तिथं तिचं आहे कोण?"

"राहू द्या त्यांना तिथंच."

"का?"

"माझ्याच्याने आणखी एका माणसाचं होणार नाही." हे अगदीच खोटं नव्हतं.

"तुझी दोन्ही बाळंतपणं तिनं काढली," एवढंच म्हणून तो ताटावरून उठला. आठवडाभर अबोला. नात्यात बोभाटा झाला, की हिला नणंद जड झाली.

मग वन्संचा फोन आला. "तू म्हणे मला नको म्हणालीस."

"हो."

पलीकडे मशीनची घरघर थांबली.

"वाईटपणा घेतलास गं."

"घेतला खरा," ती म्हणाली, आणि फोन ठेवून भांडी घासायला बसली. नवरा अजून बोलत नव्हता.