चक्कीच्या प्लगवर पाच तास

तेहतीस वर्षं डिझेलची बस चालवलेल्या महिपत सुर्व्याला बिनआवाजाची गाडी मनापासून कधी आवडली नाही. पण मुलगा विनीत बायकोला घेऊन बंगळुरूला गेला, तेव्हा आपली इलेक्ट्रिक गाडी वर्तकनगरच्या बिल्डिंगखाली ठेवून गेला. "पप्पा, आठवड्यातून एकदा तरी फिरवा. नुसती उभी राहिली की आतली छोटी बॅटरी बसते, मग दारसुद्धा उघडत नाही," एवढं त्याने बजावलं होतं. महिपतची बायको शीला जाऊन तेव्हा वर्ष होत आलेलं. महिपतला आठवड्यातून एकदा करायला काहीतरी मिळालं.

दर शनिवारी तो टायरची हवा बघायचा, घोडबंदर रोडच्या मॉलमध्ये गाडी चार्जिंगला लावायचा आणि ती भरेपर्यंत बाकावर बसून राहायचा. रविवारी कल्याणपर्यंत जाऊन परत. कल्याणला त्याचं काहीच काम नसायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी मात्र कल्याणहून परत फिरायचं त्याच्या जिवावर आलं. पहाटे चारपासून तो जागा होता, आणि घरी जाऊन चहा एकट्यानेच प्यायचा होता. त्याने गाडी मुरबाडच्या रस्त्याला घातली. माळशेज घाट बघून येऊ, म्हटलं.

मुरबाड सोडल्यावर थंडी चांगलीच झोंबायला लागली. काचेवर धुकं धरत होतं, म्हणून त्याने हीटर लावला. बसमध्ये असताना इंजिनाची धग पायाला आपोआप लागायची. इथे ऊबही बॅटरीतूनच जाते, हे विनीतने सांगितलेलं त्याला आठवलं, तोवर घाटाचा पायथा आला होता आणि पडद्यावरचे किलोमीटर निम्म्याहून खाली गेले होते. तो घाईने मागे फिरला. हीटर बंद केला, मफलर कानांवर ओढला आणि चाळीसच्या वर गेला नाही. तरी सरळगावला पोचला तेव्हा पडद्यावर चोवीस किलोमीटर होते आणि कल्याण चाळीस. मुरबाडच्या चार्जिंगवाल्याला फोन लावला, तर मशीन दोन दिवसांपासून बंद होतं.

सरळगावच्या फाट्यावरून आत तीन किलोमीटरवर भिवा घरतचं गाव होतं. सकाळी जाताना महिपतने त्या फाट्याकडे मान वळवून बघितलं नव्हतं.

भिवा अकरा वर्षं त्याच्या बसचा कंडक्टर होता. टेंभी नाक्यावरच्या गर्दीत महिपत मागे न बघता गाडी काढायचा, ते भिवाच्या घंटीच्या भरवशावर. मग एकदा वळणावर एका स्कूटरवाल्याला बसचा धक्का लागला. माणूस वाचला, पण पाय मोडला. चौकशीत भिवाने सांगितलं, "गाडी जोरात होती." महिपत तीन महिने सस्पेंड झाला. त्यानंतर चौदा वर्षं तो भिवाशी बोलला नव्हता.

आता दुसरा इलाज नव्हता. महिपतने गाडी आत वळवली.

भिवाकडच्या बारशाच्या, लग्नाच्या जेवणांना येऊन ओळखीचं झालेलं घर होतं. ओटीला लागून पिठाची चक्की नवी होती. भिवाची बायको रतन डबे ओळीने लावत होती. तिने क्षणभर बघितलं आणि पदर सावरला.

"भावजी ना तुम्ही? ठाण्याचे?"

"हो, वहिनी. भिवा आहे का?"

रतन डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिली. "भादव्यात गेले ते. छातीत कळ आली. तुम्हाला कोणी कळवलं नाही?"

"नाही," महिपत म्हणाला. कोण कळवणार होतं?

मग त्याला लाजत लाजत गाडीचं सांगावं लागलं. घरातल्या साध्या प्लगवर चार्जरचा लाल दिवा लागला, अर्थिंग नव्हतं. अर्थिंगवाला मोठा प्लग एकच होता, चक्कीचा. रतनने चक्कीची वायर काढली. दळण घ्यायला आलेल्या दोघी बायकांना "चार वाजता या" म्हणाली.

विजेचा दाब कमी होता. पाच तास लागणार होते.

दुसऱ्या कुठल्याही गाडीने आला असता, तर महिपत दहा मिनिटांत उठला असता. पाणी प्यायला असता, फोटोला हात जोडले असते आणि निघाला असता. आता उठून जायची सोय नव्हती. भिंतीवर भिवाचा खाकी शर्टातला फोटो होता. रतनने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. हात धुतल्यावर ओटीवर बसून म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी गाडी जोरात होती. मीच जोरात होतो."

"ठाऊक आहे. त्यांनी घरी येऊन सांगितलेलं."

"मी यायला हवं होतं."

रतन सुपातले तांदूळ निवडत होती. "आला असता तरी ते बोलले असते असं नाही," ती म्हणाली. "ते पण तुमच्यावर रागावले होते. खरं बोलल्यावर सगळा डेपो त्यांच्याशी तुटक वागला. तुम्ही एका शब्दाने थांबवू शकला असता. ते त्यांना फार लागलं."

ही गोष्ट महिपतला माहीत होती. आपल्याखेरीज कुणाला माहीत नसेल, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. त्याने मान हलवली. ती सुपात बघत राहिली, तो अंगणात. ऊन ओटीवरून सरकत चक्कीच्या दारापर्यंत गेलं.

चार वाजायला आले तशा बायका दळणासाठी परत आल्या. पडद्यावर आता नव्वद किलोमीटर होते. महिपतने चार्जर गुंडाळून डिकीत ठेवला. "येतो, वहिनी."

"सावकाश जा," रतन म्हणाली आणि वायर जोडायला आत गेली. पुन्हा या, असं ती म्हणाली नाही.

चक्की सुरू झाली. तिच्या घरघरीत कुणाला काही ऐकू येणार नव्हतं, आणि त्याच्या गाडीला तर आवाजच नव्हता. रतन दाराकडे पाठ करून पीठ भरत होती. महिपत थोडा थांबला. मग गाडी हळूच मागे घेऊन रस्त्याला लागला.

कल्याण येईपर्यंत पुन्हा गार वारं सुटलं. गाडीत पुरेसा चार्ज होता, तरी त्याने हीटर लावला नाही. वर्तकनगरला पोचला तेव्हा जिन्यातले दिवे लागले होते.