दारू उतरवायचं औषध

डोळे मिटा पाहू. समजा, एका अंगणात एक बुटकं निळं स्टूल आहे. त्याच्या शेजारी एक म्हातारा माणूस मोटारसायकल उघडून बसलाय, आणि त्या स्टुलावर तुम्ही बसलाय. तो हात मागे करतो, तुम्ही त्याच्या हातात पाना ठेवता. कुठला पाना, हे त्याला सांगावं लागत नाही, कारण पहिलीत असल्यापासून तुम्ही इथेच बसत आलाय. आता समजा, एक दिवस तुम्ही शाळेतून येता आणि स्टुलावर दुसरंच कोणीतरी बसलेलं असतं. पोटात काय होईल? बरोबर तिथेच, बेंबीच्या जरा वर, क्वेनच्या पोटात गेले दोन महिने दुखत होतं.

कान थो शहरातल्या त्या गल्लीत तिचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, घरापुढेच गाड्या दुरुस्त करत. सगळी गल्ली त्यांना साउ काका म्हणायची. कोणाची गाडी भरतीच्या पाण्यात बंद पडली, कोणाची चेन निसटली, की ढकलत ढकलत त्यांच्या दारात. आणि क्वेन त्यांची शागिर्द. निदान तिला तसं वाटायचं.

मग लाम आली. लाम ही लोआन मावशीची मुलगी. मावशी तैवानला कारखान्यात कामाला गेली, तेव्हापासून लाम सायगावला वडिलांकडच्या माणसांत राहत होती. तिथे काहीतरी बिनसलं आणि तिला आजोळी आणून सोडलं. मोठ्यांनी क्वेनला एवढंच सांगितलं होतं. ती आली त्या दिवशी पिशवी खाली ठेवून जे पहिलं रिकामं दिसलं त्यावर बसली, आणि ते नेमकं निळं स्टूल होतं.

त्यात आणखी एक काटा होता. लाम क्वेनपेक्षा सहा महिन्यांनी लहान. पण मावशी आईपेक्षा मोठी, म्हणून मावशीची मुलगीही मोठी, त्यामुळे क्वेनने तिला ताई म्हणायचं. आई समोर असली की क्वेन ते "ताई" असं म्हणायची, जणू घशात माशाचा काटा अडकलाय. आई नसली की नुसतं "ए".

लामचे हात चपळ होते. नट पडला तर ती तो जमिनीला लागायच्या आत झेलायची. आजोबा कोणाचं कौतुक करत नसत. फारच खूश झाले तर म्हणायचे, "हं, शहाणा हात आहे." क्वेनला हे वाक्य आयुष्यात एकदा मिळालं होतं. लामला पहिल्याच आठवड्यात मिळालं. आणि मग आजोबांनी तिला जेट साफ करायला शिकवलं. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पितळेचा एवढासा तुकडा, त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. त्यात बारीक तार घालून मळ काढायचा आणि भोक मात्र मोठं होऊ द्यायचं नाही. क्वेनला आजोबा कधीपासून सांगत होते, तुझी बोटं जरा स्थिर होऊ देत, मग शिकवतो. तिची बोटं स्थिर झाली की नाही हे त्यांनी परत पाहिलंच नव्हतं.

आता नवं वर्ष तोंडावर आलं होतं. शेजाऱ्यांनी अंगणातल्या माई नावाच्या फुलझाडांची पानं खुडून टाकली होती, म्हणजे सणाला नुसती पिवळी फुलं येतील. लोआन मावशी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने येणार होती. तिला बसथांब्यावरून आणायला तिच्याच गाडीवरून जायचं, आजोबा पुढे आणि आपण मागे, असं लामने ठरवलं होतं. याखेरीज ती कशाबद्दलच हट्ट करत नसे.

मावशीची गाडी मागच्या पडवीत दोन पावसाळे उभी होती. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच होतं. पुराच्या दिवसांत भरतीचं पाणी पडवीत शिरे आणि चाकं निम्मी बुडत. पंधरा दिवस आजोबा आणि लाम त्या गाडीला लागले होते. कार्बोरेटर लामने एकटीने धुऊन, जेट साफ करून परत बसवला होता. आता टाकी रिकामी करायची, जुनी नळी फेकून नवी लावायची, ताजं पेट्रोल भरायचं, की झालं.

त्या दुपारी तोआन मामा आला. पेट्रोल पंपाशेजारी त्याचं आरसे, हँडलची कव्हरं आणि बाटल्या विकायचं दुकान होतं. त्याने लाल बुचाची एक बाटली आजोबांपुढे ठेवली आणि म्हणाला, एवढी मेहनत कशाला, ही ओता टाकीत. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, म्हणजे दारूच की. ही बाटली म्हणजे गाडीची दारू उतरवायचं औषध.

आजोबा हसले. ते म्हणाले, रोज चालणाऱ्या गाडीला ताजं पेट्रोल पुरतं, आणि गाडी जुनी असेल तर इथेनॉल सोसणारी नळी. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल, तर ठेवण्याआधी असलं काही घातलं तर थोडा उपयोग होतो, ते कबूल. पण उभी राहून बिघडल्यावर नाही.

"मग ओत तुझी बाटली नाहीतर देवळातलं पाणी. सारखंच."

"सगळे तुमच्यासारखं बोलायला लागले तर माझ्या पोरांनी खायचं काय, बाटल्या?" मामा म्हणाला, आणि जाताना बाटली तिथेच विसरला. कदाचित मुद्दामच.

क्वेनने सगळं ऐकलं होतं. पण पोटात दुखत असलं की कान हवं तेवढंच आत घेतात. आजोबा लामला घेऊन नवी नळी आणायला बाजारात गेले. "तू घर बघ," ते क्वेनला म्हणाले, आणि लाम त्यांच्या मागे बसून निघाली.

क्वेन पडवीत गेली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, निदान तिने स्वतःला तसं सांगितलं. ते दोघं परत येतील तेव्हा गाडी अंगणात भुर्रभुर्र करत उभी असेल. आजोबा म्हणतील, कोणी चालू केली? आणि लामचं तोंड एवढंसं होईल. लामच्या तोंडाचं चित्र तिला सगळ्यात स्पष्ट दिसत होतं.

तिने बाटलीतलं लाल औषध सगळं टाकीत ओतलं. गाडी हलवली, पेट्रोलचा कॉक उघडला आणि किक मारली. मग पुन्हा मारली, पोटरी भरून येईपर्यंत मारली. गाडी दोनदा खोकली, एक पांढरी ढेकर दिली आणि गप्प झाली. मग काही केल्या चालू होईना. क्वेनने कॉक बंद केला, बाटली केळीच्या मागे टाकली आणि अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली.

आजोबा आणि लाम आले. आजोबांनी गाडी उघड्यावर, दारातल्या उदबत्त्यांपासून लांब नेली आणि टाकीची नळी एका काचेच्या बरणीत सोडली.

"दोघीही इकडे या," ते म्हणाले. "लांबूनच बघा."

बरणी भरली आणि थोड्या वेळाने तिच्यात दोन थर झाले. वर जुनं पिवळट पेट्रोल, खाली गढूळ पाण्यासारखं काहीतरी. आजोबांना शिकवायला मिळालं की त्यांचा आवाज मऊ व्हायचा. ते सांगू लागले की इथेनॉल पेट्रोलमध्ये गुपचूप राहतं, पण त्याचा खरा जीव पाण्यावर. दमट हवेतून, टाकीच्या झिजलेल्या झाकणातून थेंब थेंब पाणी आत येतं. फार झालं की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडतं, पाण्याचा धरतं आणि दोघं मिळून तळाशी जाऊन बसतात. एकदा असं झालं की त्यांना परत एकत्र आणणारं औषध नाही. ओतून टाकायचं आणि नवं भरायचं.

हात सोडतं, हे क्वेनला नीट कळलं. तिने आजोबांकडे पाहिलं. ते मात्र वाकून बरणीकडे बघत होते, कारण तळाचा थर लाल होत चालला होता.

"हा रंग कुठून आला?" लाम म्हणाली. मग तिने वळून गाडीकडे पाहिलं, कॉकला बोट लावलं, खाली वाकून कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला. तिच्या तळहातावर लाल पाणी आलं, आणि त्यात चहाच्या पत्तीसारखा तपकिरी गाळ. औषधाने टाकीतला मळ सोडवला होता, आणि किक मारून मारून तो सगळा धुतलेल्या कार्बोरेटरमध्ये येऊन बसला होता.

दोघांनी क्वेनकडे पाहिलं. क्वेनच्या हातातलं पुस्तक उलटं होतं.

"मला वाटलं, चालू होईल," क्वेन म्हणाली.

"माझ्या आईची गाडी आहे ती."

"तुझी, तुझी. सगळं तुझंच. स्टूल तुझं, आजोबा तुझे."

लाम उभी राहिली. ती ओरडली नाही. "तू रोज तुझ्या आईच्या हातचा मासा खातेस," ती म्हणाली. "माझ्याही पोटात दुखतं. पण मी तुझ्या ताटात पाणी ओतते का?"

आणि हात न धुताच ती आत गेली.

आजोबांनी कार्बोरेटर काढला. वर्तमानपत्रावर एकेक भाग मांडला. शेवटी जेट उजेडाकडे धरून एक डोळा मिटला आणि मान हलवली. क्वेन वाट पाहत होती की आता रागावतील. तेवढं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मला हे भोक आता दिसत नाही," ते म्हणाले. "म्हणून तिला शिकवलं. तिला गाडीची घाई होती. तुला शिकवायची मला घाई नव्हती, तू काय, आहेसच. माणूस जवळ असलेल्याला विसरतो. ते माझं चुकलं." मग जेट कागदावर ठेवत म्हणाले, "पण उद्याची बस काही थांबणार नाही."

एवढं बोलून ते नवी नळी कापायला बसले. उजेड अजून तासभर तरी होता. निळं स्टूल रिकामं होतं आणि आजोबांचा हात पान्यासाठी मागे आला होता. दोन महिने क्वेनला दुसरं काहीच नको होतं.

तिने त्या हातात पाना ठेवला. पण बसली नाही. जेट आणि तार उचलून ती स्वयंपाकघरात गेली. लाम चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून उकिडवी बसली होती, आणि आई काही न विचारता मासा नारळाच्या पाण्यात शिजवत होती. क्वेन लामजवळ खाली बसली. पोटात अजून दुखतच होतं, ते काही थांबलं नव्हतं. तिने मूठ उघडली आणि म्हणाली, "मला हे येत नाही. तार कशी धरायची, दाखव."

लाम वळली नाही. क्वेनने हात तसाच पुढे ठेवला.