दहावी जागा

"अहो, गिअर हलका करा. गुडघ्यावर जोर येतोय तुमच्या," असं म्हणत अपर्णा देवानंदच्या बाजूने पुढे निघून गेली.

तिच्या आवाजात धाप नव्हती, हेच त्याला जास्त लागलं. अमेरिकेतल्या कॅस्केड्स डोंगरांच्या घाटातला तो आठवा मैल. झाडांची सावली संपून उन्हातला सरळ चढ सुरू झाला होता. चार वर्षांपूर्वी नदीकाठच्या ट्रेलवर सीट धरून जिच्या मागे तो धावला होता, ती बाई आज त्याला गिअर शिकवत होती.

"माहितीये मला," तो म्हणाला. पण तोवर ती वळणाआड गेली होती.

देवानंद मेश्राम चोपन्न वर्षांचा. बॉथेलच्या एका बायोटेक कंपनीत मशीन तपासणारा इंजिनिअर. नागपूरहून येऊन त्याला बावीस वर्षं झाली होती. तो कशात कधी पहिला आला नाही आणि त्याचं त्याला फारसं वाईटही वाटलं नाही. पण घरातला सायकलवाला तोच होता. शनिवारची सकाळ त्याची असे. अपर्णाच्या माहेरी एकच सायकल होती आणि ती दोघा भावांची. हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करत करत, शेहेचाळिसाव्या वर्षी, गुडघे फोडून घेत ती सायकल शिकली. तेव्हा देवानंद भेटेल त्याला सांगायचा, "मी शिकवली." अलीकडे कोणी विचारलं तरी तो विषय बदलायचा.

लंच ब्रेकमध्ये तो डब्याशेजारी फोन ठेवून सायकलिंगच्या अ‍ॅपवर तिच्या वेळा बघायचा. प्रत्येक चढाला ती त्याच्यापेक्षा काही मिनिटांनी पुढे. खाली मिनिसोटाहून लेकीने, मैत्रीने, लिहिलेलं असायचं, "आई, यू आर अ बीस्ट!" त्याच्या राइडखाली लेकीचा नुसता अंगठा.

त्यात स्पेन आलं. सप्टेंबरमध्ये त्यांच्या सायकल क्लबचे दहा जण उत्तर स्पेनमधला एक घाट चढणार होते. क्लबच्या सहली ठरवणाऱ्या प्रीताने ग्रुपवर फोटो टाकले होते. दगडी घरांचं गाव, मेंढ्यांनी अडवलेला अरुंद रस्ता, वर ढगात शिरणारी वळणं. दोघांनीही नावं दिली. अपर्णा वेटिंग लिस्टवर पहिली आली. देवानंदचं नाव लिस्टमध्येच नव्हतं.

आता घाटात तिला गाठायचं म्हणून तो उभा राहून पेडल मारायला लागला आणि पन्नास यार्डांत पोटरीला गोळा आला. रस्त्याकडेला बसून तो पाय चोळत होता, तेवढ्यात वरून प्रीता उतरत आली.

"काका, ओके ना?" अपर्णाला ती ताई म्हणायची आणि त्याला काका. "बरं झालं भेटलात. एक जण ड्रॉप झालाय, दहावी जागा ताईंची! त्या मघाशी वाटेत दिसल्या, पण मेसेज आत्ताच आला, आता वर पोचल्या असतील. मला लवकर घरी पोचायचंय, तुम्हीच सांगाल का? उद्या संध्याकाळपर्यंत कन्फर्म करायचंय."

"सांगतो," देवानंद म्हणाला.

तो वर पोचला तेव्हा खिंडीत अपर्णा दगडावर बसली होती, चेहरा उन्हाने लाल, पाय लांब सोडलेले. एक अनोळखी गोरा म्हातारा तिला म्हणत होता, "यू मेड इट लुक ईझी." ती लहान मुलीसारखी हसली. सांगायला देवानंदने तोंड उघडलं. "पाणी आहे का?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

गाडीत सांगू, मग जेवताना सांगू, असं करत रविवारची संध्याकाळ झाली. प्रीताचा मेसेज आला: *काका, ताईंचं काय ठरलं?* किचनमध्ये अपर्णा फोडणी देत गुणगुणत होती. ते ऐकत ऐकतच त्याने टाइप केलं: *तिला जमणार नाही म्हणते.* पाठवल्यावर छाती हलकी झाली. त्या हलकेपणाचीच मग त्याला भीती वाटली.

दोन आठवड्यांनी क्लबच्या पॉटलक जेवणाला प्रीता सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, तुम्ही यायला हवं होतं यार! तुम्ही नाही म्हणालात म्हणून अदितीला घेतलं."

अपर्णाच्या हातातली प्लेट जागच्या जागी थांबली. तिने देवानंदकडे एकदाच पाहिलं. त्या एका नजरेतच तिला सगळं कळलं.

"हो गं," ती म्हणाली. "सुट्टी मिळत नव्हती."

घरी जाताना हायवेला लागल्यावर देवानंदने रेडिओ बंद केला.

"अपर्णा, मी..."

"तुम्हाला वाचवायला नाही बोलले मी," ती समोर बघत म्हणाली. "चारचौघांत मलाच लाज वाटली." मग थोड्या वेळाने, "तुम्ही नुसतं म्हणाला असता ना, की मला त्रास होतो, तर मी ऐकून घेतलं असतं. गेले मात्र असते."

त्यानंतर ती भांडली नाही. स्वयंपाक, ग्रोसरी, मैत्रीचा फोन, सगळं नेहमीसारखं चालू राहिलं. फक्त शनिवारी पहाटे ती आपली सायकल प्रीताच्या गाडीवर चढवून निघून जायला लागली. गराजचं दार उघडायला देवानंद यायचा, तोवर ते उघडलेलं असायचं.

ऑगस्टच्या शेवटी स्पेनला जाणाऱ्यांची घाटात शेवटची प्रॅक्टिस होती. ग्रुपवर विचारणा आली, खिंडीत पाणी आणि खाणं घेऊन कोण गाडी उभी करेल? देवानंदने लिहिलं, मी करतो. प्रीतालाही त्याने फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. नुसतं "ओके काका" म्हणून तिने फोन ठेवला.

खिंडीत वारा होता. डिकी उघडून त्याने केळी मांडली, बाटल्या भरल्या आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. पहिल्या सायकलस्वाराचं हेल्मेट वळणावर दिसलं, तेव्हा त्याने कपाळावर हात धरून पाहिलं. स्पेनला न जाणारी एकटी अपर्णाच सगळ्यांच्या पुढे चढत येत होती. ती लयीत येत होती, खांदे जराही न हलवता. इतकं सुंदर कोणी चढ चढताना त्याने पाहिलं नव्हतं. आणि तरीही आतून ती जुनी कळ आलीच.

त्याने बाटली पुढे धरली. अपर्णा थांबली नाही. चालत्या सायकलवरून तिने बाटली घेतली आणि वाटेतल्या कुणालाही म्हणावं तसं, अगदी सभ्यपणे म्हणाली,

"थँक यू."